अठरा महिने अंगावर

दुपारचे चार वाजले होते आणि फणसे यांच्या घरातल्या आतल्या खोलीचं दार बंद होतं. दाराच्या आत अठरा दिवसांची मुलगी किंचाळत होती, तिची आई मुसमुसत होती, आणि दाराबाहेर हळिवाच्या खिरीची वाटी हातात धरून वसुंधराबाई उभ्या होत्या. खीर आणली तेव्हा गरम होती. मग कोमट झाली. आता तिच्यावर साय धरायला लागली होती.

"उत्कर्षा, बाळाचं डोकं जरा वर घे. आणि पाठ टेकून बस. टेकलीस का?"

"टेकलेय, आई."

"मन शांत ठेव. मन शांत असलं की दूध उतरतं."

 आत बाळ अशा काही सुरात ओरडलं, की शांत मनाविषयी आणखी काही बोलायचा धीर वसुंधराबाईंना झाला नाही.

खरं म्हणजे पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण उत्कर्षाच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नेमकं त्याच महिन्यात निघालं, आणि बाळ-बाळंतीण दोघी सासरी, सुभानपुऱ्यातच राहिल्या. सगळ्या सोसायटीनं उत्कर्षाला भाग्यवान ठरवलं. "घरात वसुंधराबेन असताना काय चिंता?" असं जो तो म्हणाला. कारण अंगावर पाजण्याच्या बाबतीत त्या सोसायटीत वसुंधराबाईंचा शब्द शेवटचा होता. कुणाच्या घरी बाळ आलं की त्यांना बोलावणं यायचं. त्या जायच्या, बाळंतिणीच्या पाठीमागे उशी सरकवायच्या, आणि जाताजाता म्हणायच्या, "आमच्या अमोघला मी अठरा महिने अंगावर पाजलं. धीर धरायचा असतो बाई." एवढ्यावर समोरची बाळंतीण एकतर धीर धरायची किंवा रडायची.

या वाक्यातला अमोघ खरा होता. बाकीचं खोटं होतं.

अमोघ सहा आठवड्यांचा असतानाच डब्याच्या दुधावर आला होता. बत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पोरगं अंगाला लागायचं, सुटायचं, लागायचं, सुटायचं आणि भुकेनं लालबुंद व्हायचं. वसुंधराबाईंना चिरा पडल्या, ताप भरला. सासूबाई येसूबाई उंबऱ्यात बसून म्हणायच्या, "आमच्या घराण्यात आजवर कुणाच्या पोराला डबा लागला नाही." घराण्याचे पूर्वज गायकवाड सरकारच्या खासगी खात्यात कारकून होते, आणि येसूबाईंच्या मते डब्याचं दूध ही त्या कारकुनीला शोभणारी गोष्ट नव्हती. शेवटी एक दिवस पावडरचा डबा आला आणि तांदळाच्या पिंपामागे जाऊन बसला. अमोघ महिन्याभरात फुगला. येसूबाई त्याला मांडीवर घेऊन गल्लीभर सांगत सुटल्या, "सुनेच्या दुधावर पोर कसं बाळसं धरतंय बघा!" म्हणजे खोटं मुळात सासूबाई बोलल्या. वसुंधराबाई फक्त गप्प बसल्या. पण न बोललेलं खोटं पुढे बोलावंच लागतं. कुणी विचारलं तर आधी सहा महिने झाले, मग वर्ष, मग दीड वर्ष. तिथे आकडा थांबला, कारण त्या सुमारास पादरा गावातल्या एका लग्नात अमोघ दोनशे माणसांदेखत बाटलीनं दूध प्यायला होता.

या सगळ्याचा एकच साक्षीदार होता. यजमान, जगदेवराव. डबे त्यांनीच जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून घरी आणले होते. जगदेवराव बाजव्याजवळच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं सेफ्टी ऑफिसर होते. गळती आणि धूर या दोन विषयांवर त्यांना बोलल्याशिवाय राहवत नसे. बाकी सगळ्या बाबतीत गप्प बसायला ते घरी शिकले होते.

आता बत्तीस वर्षांनी स्वतःच्याच घरात बाळ उपाशी रडत होतं, आणि सगळे जण वसुंधराबाईंच्या तोंडाकडे बघत होते.

त्यांनी त्यांना ठाऊक होतं ते सगळं केलं. हळीव झाले, डिंकाचे लाडू झाले, शतावरी झाली, मेथी झाली. शेजारच्या नयनाबेन काटलूचा डबा घेऊन आल्या. सुंठ, गूळ, डिंक आणि बत्तीस तऱ्हेचे मसाले घातलेल्या त्या वड्या होत्या. "रोज सवार-सांज एक एक टुकडा," त्यांनी उत्कर्षाला बजावलं. "पछी जो ने, दूधनी नदी!"

नयनाबेनचं म्हणणं खोटं ठरलं नाही. नदी आली. आली ती अशी आली की चौथ्या दिवशी उत्कर्षाची छाती दगडासारखी घट्ट झाली, गाठी आल्या आणि अंगात कणकण भरली. बाळ मात्र नदीच्या काठावर तहानलेलंच होतं. अर्धा-पाऊण तास ओढायचं, घामाघूम व्हायचं, झोपायचं, आणि दहा मिनिटांत पुन्हा भुकेनं उठायचं.

"कोबीचं थंड पान ठेवायचं छातीवर," नयनाबेननं नवा उपाय सांगितला. "गाठ उतरी जाय."

वसुंधराबाईंनी जगदेवरावांना कोबीचा गड्डा आणायला पिटाळलं. कशासाठी ते सांगितलं नाही. पुरुष माणसाला काय सांगायचं! जगदेवरावांनी गड्डा आणला. वरच्या पानांवर औषध मारलेलं असतं म्हणून ती मोठी मोठी पानं काढून गायीला घातली आणि उरलेला गड्डा चिरून ठेवला. बारीक. मदत म्हणून.

"हे काय केलंत?"

"कोशिंबीर करणार होतीस ने?"

वसुंधराबाईंनी कपाळाला हात लावला. आतून उत्कर्षा हसल्यासारखा आवाज आला, आणि तो लगेच रडण्यात बदलला.

रात्रंदिवस त्यांच्या जिभेवर एक वाक्य येऊन परत जात होतं. 'अगं, थोडं वरचं दूध दे, काही बिघडत नाही, तोवर डॉक्टरांना विचारू.' साधं वाक्य. कुठल्याही शहाण्या बाईनं म्हटलं असतं. पण ते म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, तुम्ही दिलं होतं का? म्हणून त्या म्हणायच्या, "धीर धर."

अशात शनिवारी येऊ घातलेल्या संकटाची बातमी बुधवारी सकाळी मोबाइलवर आली. ऑगस्टचा पहिला आठवडा म्हणजे स्तनपानाचा सप्ताह. नयनाबेन महिला मंडळाच्या चिटणीस. त्यांनी कुणाला न विचारता सोसायटीच्या ग्रुपवर एक पोस्टर टाकून दिलं होतं. त्यात गेल्या नवरात्रातला वसुंधराबाईंचा हिरव्या शालूतला फोटो होता, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'शनिवारे पांच वागे. वसुंधराबेन फणसे. अढार महिनानो जातअनुभव.' म्हणजे अठरा महिन्यांचा स्वतःचा अनुभव.

वसुंधराबाई चपला न घालताच शेजारी गेल्या.

"नयनाबेन, हे काय आहे? मला नाही जमायचं भाषण-बिषण."

"शुं नथी जमतुं? तमे तो एक्सपर्ट छो!"

"घरात बाळंतीण आहे माझ्या."

"एटले ज तो! घरमां चालू केस छे. लाइव्ह!" नयनाबेन खूश होत्या. "आणि सांभळो, बाजूची तीन सोसायटी पण येणार. खुर्श्या सव्वासो सांगितल्या आहेत. नगरसेविका पण कदाच येईल."

वसुंधराबाई परत आल्या तेव्हा उत्कर्षा पलंगावर बसून मोबाइलमधलं पोस्टर बघत होती. तिचे डोळे सुजलेले होते. बाळ मांडीवर हुंदके देत झोपलं होतं.

"आई," ती म्हणाली, "तुम्ही अठरा महिने कसं केलंत हो? मला अठरा दिवस होत नाहीयेत. माझ्यातच काहीतरी कमी आहे."

 अगदी हेच वाक्य, याच खोलीत, त्यांनी स्वतःशी म्हटलेलं होतं. त्या सुनेच्या शेजारी टेकल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तोंड उघडलं. पण बाहेर आलं ते एवढंच, "खीर घेतेस का थोडी?"

त्या दिवशी संध्याकाळी जगदेवराव घरापुढच्या ओट्यावर, हिंचक्यावर झुलत पेपर वाचत बसले होते. आतल्या खोलीची खिडकी ओट्यावर उघडते. पडदा ओढलेला होता, पण आवाज येत होता. बाळ प्यायला लागलं होतं. टक्... टक्... टक्... जगदेवरावांनी पेपर खाली ठेवला. पायानं हिंचका थांबवला. कान टवकारले. मग उठून थेट स्वयंपाकघरात आले.

"सील बसत नाहीये," ते म्हणाले.

"काय?"

"हवा शिरतेय मध्ये. ओढ लागते, सुटते. ओढ लागते, सुटते. आमच्याकडे पंपाचं वॉशर वाकडं बसलं की हुबेहूब हाच आवाज यायचा. टाकी भरलेली, पंप चालू, आणि पुढे थेंब जात नाही. तू टाकीत माल वाढवत बसली आहेस. टाकीचा प्रश्नच नाहीये."

"अहो, नात आहे ती तुमची! कारखाना आहे का?"

"कारखाना कुठे म्हणतोय मी? वॉशर म्हणतोय."

"हळू बोला. सून ऐकेल, काय म्हणेल?"

सून ऐकतच होती. आतून तिचा आवाज आला, "आई, बाबा बरोबर बोलतायत! सुटतंच ते! सारखं सुटतं!"

 जगदेवराव कानांपर्यंत लाल झाले आणि झाडांना पाणी घालायला निघून गेले. बाहेर झिमझिम पाऊस पडत होता, तरी त्यांनी पाणी घातलं.

गुरुवारी सकाळी अमोघनं ऑफिसला सुट्टी टाकली. "आज डॉक्टरांना दाखवायचंच," तो म्हणाला, आणि कुणाचं काही ऐकलं नाही. गाडीत पुढे अमोघ आणि जगदेवराव, मागे उत्कर्षा, वसुंधराबाई आणि दुपट्यातली ती एवढीशी.  वाटेत बाळ तेवढं बोलत होतं.

बालरोगतज्ज्ञ डॉक्टर मालविका पस्तिशीच्या, चष्मेवाल्या, घाई न करणाऱ्या बाई होत्या. त्यांनी बाळाला काट्यावर ठेवलं आणि त्यांच्या भुवया जवळ आल्या.

"जन्माला दोन किलो नऊशे होती. आज दोन सातशे चाळीस. दोन आठवड्यांत वजन भरून यायला हवं होतं."

उत्कर्षानं खाली मान घातली. वसुंधराबाईंनी दुपट्याचं टोक उगाचच सारखं केलं. एकशे साठ ग्रॅम. कोथिंबिरीच्या जुडीएवढं वजन, पण त्यांना ते छातीवर ठेवल्यासारखं वाटलं.

डॉक्टरांनी आधी उत्कर्षाला पडद्याआड नेऊन बाळ कसं पितं ते बघितलं. मग बाळाला टेबलावर घेतलं, हातमोजा घातला आणि एक बोट जिभेखाली सरकवलं. बाळानं भोकाड पसरलं. "हं," डॉक्टर म्हणाल्या. "या, सगळे बघा."

सगळे वाकले. रडताना बाळाची जीभ वर यायच्या ऐवजी मधोमध खाली ओढली जात होती. शेंड्याला खाच पडून तिचा आकार पिंपळाच्या उलट्या पानासारखा झाला होता.

"जिभेखाली हा पातळ पडदा असतो. हिचा आखूड आहे, अगदी शेंड्याशी चिकटलाय. जीभ पुढे येत नाही, वर उचलली जात नाही. मग बाळ धरून कसं ठेवणार? सारखं सुटणार. मध्ये हवा जाणार, टक् टक् आवाज येणार."

जगदेवरावांनी घसा खाकरला. 

"दूध कमी आहे का हिला?" वसुंधराबाईंनी विचारलं.

"दूध? भरपूर आहे. हिचा काही दोष नाही त्यात. पुष्कळदा नुसतं बसायची, धरायची पद्धत बदलून भागतं. पण इथे वजन घटलंय, आईला चिरा पडल्यात, म्हणून हा पडदा सोडवलेला बरा. मिनिटभराचं काम."

"सोडवलेला म्हणजे?"

"कात्रीनं एक छोटा काप."

"जीभ कापणार?" वसुंधराबाईंच्या तोंडून किंकाळीच निघाली. बाहेर बसलेल्या एका बाईनं आपलं बाळ उचललं आणि दारापासून लांबच्या खुर्चीवर जाऊन बसली.

"जीभ नाही हो काकू, पडदा. थेंब-दोन थेंब रक्त येतं, लगेच अंगावर घ्यायचं." डॉक्टर हसल्या आणि अमोघकडे वळल्या. "हे बऱ्याचदा घराण्यातनं येतं. बाबा, जरा जीभ काढा बघू बाहेर."

अमोघनं जीभ काढली.

"पूर्ण काढा."

"पूर्णच आहे ने," अमोघ म्हणाला. शेंडा जेमतेम खालच्या ओठावर टेकला होता आणि त्याला मधोमध खाच पडली होती. बत्तीस वर्षं त्याची अशी समजूत होती, की माणसाची जीभ एवढीच येते.

"म्हणून तू आइसक्रीमचा कोन खात नाहीस!" उत्कर्षा ओरडली. "सगळीकडे चमचा मागतोस! मला वाटलं, तू टापटिपीचा आहेस म्हणून!"

डॉक्टरांना हसू आवरेना. "तुम्हाला लहानपणी अंगावर प्यायला त्रास झाला असणार."

"छे!" अमोघनं छाती पुढे काढली. "अठरा महिने प्यायलोय."

"अठरा?" डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला. पुन्हा वाकून त्याची जीभ बघितली. मग वसुंधराबाईंकडे अशा नजरेनं बघितलं, जशा नजरेनं आजवर त्यांच्याकडे कुणी बघितलं नव्हतं. "काकू, या जिभेच्या बाळाला तुम्ही अठरा महिने पाजलंत? कसं? म्हणजे कसं धरायचात? मला खरंच सांगा. माझ्याकडे महिन्याला अशा चार-पाच जणी येतात. आणि हिला तर आत्ता दाखवा."

उत्कर्षा मान वर करून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर एवढी आशा होती, की वसुंधराबाईंना तिच्याकडे बघवेना. त्यांनी जगदेवरावांकडे बघितलं. जगदेवराव भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्यातली गोवर-रुबेलाची तारीख फार बारकाईनं वाचत होते.

"दीड," वसुंधराबाई म्हणाल्या.

"दीड वर्ष, हो ने. तेच म्हणतोय मी," अमोघ म्हणाला.

"दीड महिना."

कुणाला कळलंच नाही. मग त्यांनी सगळं एका दमात सांगून टाकलं. चिरा, ताप, उंबऱ्यात बसलेल्या सासूबाई, तांदळाच्या पिंपामागचा डबा. "मला वाटायचं माझ्यातच काही नाही. सगळ्या बायकांना येतं, मलाच येत नाही. मग एकदा तोंडातून गेलं ते गेलं. परत कसं घेणार?" त्या उत्कर्षाकडे वळल्या. "आणि तुला रडताना बघत होते रोज, तरी बोलवेना गं मला."

अमोघ स्वतःची जीभ तोंडात फिरवून बघत होता. उत्कर्षा आधी रडली. मग रडता रडता हसायला लागली.

"आई, म्हणजे अठरा दिवस मी एका डब्याशी स्पर्धा करत होते?"

"हो गं."

"आणि तुमचंही दूध कमी नव्हतंच?"

वसुंधराबाईंनी डॉक्टरांकडे बघितलं. हा प्रश्न त्यांना सुचलाच नव्हता.

"असण्याचं कारण दिसत नाही," डॉक्टर मालविका म्हणाल्या. "ही जीभ बघता तुम्ही दीड महिना काढलात, हेच खूप केलंत."

वसुंधराबाई स्टुलावर बसल्या. बत्तीस वर्षांनी निकाल लागावा आणि आपण सुटलो आहोत हे कळावं, तशा बसून राहिल्या. जगदेवरावांनी खिशातला रुमाल काढून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "मी त्या वेळीही म्हटलं होतं, टाकीचा प्रश्न नाही."

"कधी म्हटलं होतंत?"

"मनात."

काप खरंच मिनिटभरात झाला. बाळ जेवढं रडलं तेवढं ते रोज नुसत्या भुकेनं रडायचं. उत्कर्षानं तिला लगेच अंगावर घेतलं आणि डॉक्टरांनी हनुवटी कशी टेकवायची, मान कशी मोकळी ठेवायची ते दाखवलं. पडद्याबाहेर सगळे कान देऊन उभे होते. एकदा सुटलं. दुसऱ्यांदा सुटलं. मग आवाजच थांबला, आणि थोड्या वेळानं एक बारीक गुटुक ऐकू आलं. पुन्हा गुटुक.

"हाश," वसुंधराबाई म्हणाल्या.

जादू काही झाली नाही. दोन दिवस बाळ शिकत होतं, उत्कर्षा शिकत होती. डॉक्टरांच्या सांगण्यावरून चार-सहा वेळा काढलेलं दूध वाटी-चमच्यानंही पाजलं. पण शनिवारी सकाळी काटा साठ ग्रॅमनं वर गेला होता, आणि उत्कर्षानं आपण होऊन लाडू मागितला.

शनिवारी पाच वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये सव्वाशे खुर्च्या भरल्या. नगरसेविका आल्या नाहीत, पण त्यांचा पुष्पगुच्छ आला. नयनाबेननं माइकवरून वसुंधराबाईंची ओळख करून देताना अठरा महिन्यांचे उत्साहाच्या भरात वीस केले.

वसुंधराबाई उभ्या राहिल्या. हिरवा शालू नेसल्या होत्या, कारण पोस्टरमध्ये तोच होता.  पहिल्या रांगेत उत्कर्षा बाळाला घेऊन बसली होती. तिनं मान हलवली.

"मी अमोघला वीस महिने पाजलं नाही," वसुंधराबाई म्हणाल्या. "अठराही नाही. दीड महिना पाजलं. मग डबा."

वरच्या पंख्यांचा आवाज एकदम मोठा झाला. वसुंधराबाईंना वाटलं, आता या सोसायटीतून घर विकून जावं लागणार. जिच्या जिच्या पाठीमागे त्यांनी उशी सरकवली होती, त्या सगळ्या जणी समोर बसल्या होत्या आणि त्यांच्याकडे बघत होत्या.

तेवढ्यात नयनाबेननं त्यांच्या हातातून माइक घेतला. नयनाबेनचा आकडा सोसायटीत प्रसिद्ध होता : बे वरस, पुरी दोन वर्षं.

"मारे तो अढी महिना ज, अडीच," नयनाबेन म्हणाल्या. "सासू पूछती, तो मैं बोलती, बे वरस." आणि माइक तोंडासमोर तसाच धरून त्या रडायला लागल्या. ते सव्वाशे जणींना स्पष्ट ऐकू आलं.

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "माझे चाळीस दिवस."

"आमचे तर तीन आठवडे."

"पंधर दिवस!"

लिलाव उलटा चालावा तसे आकडे खाली खाली येत गेले. शेवटी एक सत्तरीच्या आजी काठी टेकत उठल्या आणि आठ दिवस म्हणाल्या, तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. हॉलमध्ये दोघी-तिघी अशाही होत्या, ज्यांनी खरोखर दोन-दोन वर्षं पाजलं होतं. त्या बिचाऱ्या गप्प बसून राहिल्या. त्या दिवशी त्यांना कुणी विचारलंच नाही.

मग वसुंधराबाईंनी जिभेचं सांगितलं. दुखत असेल, सुटत असेल, वजन वाढत नसेल तर धीर धरत बसू नका, डॉक्टरांना दाखवा, असं त्या दोनदा म्हणाल्या. सगळंच जिभेमुळे होतं असं नाही, पण दूध नाही म्हणून आईला नावं ठेवायच्या आधी बाळाच्या तोंडात बघा. "आणि ही जीभ बऱ्याचदा घराण्यातनं येते," हे त्यांनी शेवटी जोडलं.

हे शेवटचं वाक्य बायकांनी घरी नेलं. त्या संध्याकाळी सुभानपुऱ्याच्या त्या सोसायटीत घरोघरी नवरे, सासरे आणि दीर दिव्याखाली जीभ काढून उभे होते. पिढ्यान्‌पिढ्या सुनांच्या दुधाला लागलेला बोल आता सासरच्या जिभेवर जाणार होता, आणि ती संधी कुणीही सोडायला तयार नव्हतं.

वसुंधराबाईंनी घरी येताच शालूही बदलला नाही.

"अहो, इकडे या. ट्यूबलाइटखाली."

"कशाला?"

"फणसे घराण्याची जीभ बघायची आहे. तुमच्या आई मला काय काय बोलल्या, ते आठवतंय ने? काढा."

अमोघ आणि उत्कर्षाही येऊन उभे राहिले. जगदेवरावांनी चष्मा काढून ठेवला, जणू जिभेचा आणि चष्म्याचा काही संबंध होता, आणि जीभ बाहेर काढली. ती आली, आणखी आली, हनुवटीपर्यंत आली. मग त्यांनी ती सावकाश वर वळवली आणि नाकाच्या शेंड्याला लावून दाखवली.

"बाबा!" उत्कर्षानं टाळी वाजवली.

"शाळेत पहिला नंबर होता माझा यात," जगदेवराव जीभ आत घेत म्हणाले. "वडलांचीही अशीच होती. आईची तर याहून लांब."

"ते माहीत आहे," वसुंधराबाई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज जरा बसला होता.

"मग अमोघला आली कुठून?" उत्कर्षानं विचारलं. तिनं अगदी सहज विचारलं होतं.

 वसुंधराबाई म्हणाल्या, "मी जरा तोंड धुऊन येते."

बाथरूमचं दार लावून त्यांनी दिवा लावला आणि आरशासमोर उभ्या राहिल्या. आधी नुसत्याच बघत राहिल्या. मग तोंड उघडलं आणि जीभ बाहेर काढली. ती खालच्या दातांपर्यंत आली आणि थांबली. त्यांनी जोर केला, मान पुढे केली, डोळे मोठे केले. जीभ तिथेच. शेंड्याला मधोमध एक छोटी, नीटस खाच पडली होती. साठ वर्षांत त्यांना ही कधी दिसली नव्हती, कारण आरशात जीभ काढायचं त्यांचं वयच कधी नव्हतं.

त्यांना एकदम आईची आठवण झाली. 'तू नुसती रडायचीस गं,' आई म्हणायची, 'माझ्या अंगावर दूधच नव्हतं तुझ्या वेळी.' म्हाताऱ्या वयातही हे म्हणताना ओशाळायची. ती आता असती तर वसुंधराबाईंनी याच क्षणी तिला फोन लावला असता. आरशातल्या बाईचे डोळे भरून आले. जीभ अजून बाहेरच होती.

"आई," बाहेरून अमोघची हाक आली, "तुझी बघितलीस का?"

वसुंधराबाईंनी जीभ आत घेतली, डोळे पुसले, दिवा मालवला आणि बाहेर आल्या. तिघंही बघत होते. उत्कर्षाच्या मांडीवर बाळ पोट भरून झोपलं होतं.

"त्या आरशात काही नीट दिसत नाही," त्या म्हणाल्या. "आणि डॉक्टर म्हणाल्याच ने, कधीकधी ती एकेकाला आपोआपच येते."

डॉक्टर मालविका असं काहीही म्हणाल्या नव्हत्या.